कीड बांध ओळखत नाही : बटाटा आणि फळबागांच्या रोगकिडींवरील एकत्रित संशोधनाचा धडा



आपल्या पत्रिकेत उसाची लागण, खोडवा, पाचट, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी दर अंकात काही ना काही येतच असते. या वेळी आम्ही उसाचा फड सोडून शेजारच्या वावरात जाणार आहोत. त्याला कारण आहे. आज निव्वळ उसावर बसलेला सभासद कमी. कोणाच्या एका तुकड्यात डाळिंब आहे, श्रीगोंदा-कर्जतकडे लिंबू आहे, राहात्याकडे पेरू आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव-खेडला बटाटा आहे आणि आपले सोयरे-धायरे तिकडे ते पीक घेतात. पाण्याची ओढाताण वाढली तशी ठिबकवरची फळबागही वाढली.

आता कोणी म्हणेल, बागेचं काय व्हायचं ते होईल, त्याचा कारखान्याशी संबंध काय? संबंध सातबाऱ्यावर आहे. बागेचे कर्ज आणि उसाचे पीककर्ज एकाच नावावर, बहुधा एकाच सोसायटीचे. बाग रोगाने बसली की तिचा हप्ता उसाच्या बिलातून जातो. मग पुढच्या लागणीला बेणे-खत घ्यायला हात आखडतो आणि टनेज घसरते. म्हणजे डाळिंबाचा डाग शेवटी उसाच्या फडात उतरतो. म्हणून हा विषय सर्वांनी समजून घ्यावा, ज्यांच्याकडे बाग नाही त्यांनीसुद्धा, अशी आमची विनंती आहे.

सांगायची गोष्ट एकच आहे. कीड आणि रोग एकट्याच्या वावरात येत नाहीत आणि एकट्याने जातही नाहीत. जेथे जेथे त्यांना आवर बसला, तेथे अनेक ठिकाणच्या माणसांनी मिळून काम केलेले आढळते. तो इतिहास आपण क्रमाने पाहू.

लोकरी मावा : घरचाच दाखला

दूरची उदाहरणे घेण्याआधी आपल्या उसाकडे पाहू. २००२ च्या पावसाळ्यात सांगलीकडे उसाच्या पानाखाली कापसासारखा पांढरा थर दिसू लागला. तो लोकरी मावा. पानातला रस शोषायचा, खालच्या पानांवर चिकटा गळायचा आणि त्यावर काळी बुरशी धरायची. पाहता पाहता तो वाऱ्यावर आणि बेण्या-वाढ्याबरोबर पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात पसरला. जुन्या सभासदांना ते दिवस आठवत असतील.

पहिला उपाय सुचला तो फवारणीचा. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कसे? शिरलात तरी पानाच्या खालच्या अंगाला औषध पोचणार किती? आणि एका शेतकऱ्याने मारले, शेजाऱ्याने नाही, तर आठ-पंधरा दिवसांत मावा परत हजर. शिवाय औषधाने माव्याला खाणारे किडेही मरत.

मार्ग सापडला तो दुसऱ्या बाजूने. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा कीटक हे दोन्ही या माव्यावर ताव मारतात, हे संशोधकांनी दाखवून दिले. बंगळूरची जैविक नियंत्रणाची संस्था, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठ, कृषी खाते आणि कारखाने यांनी मिळून त्यांची वाढ करून घेतली. हेक्टरी १००० डिफा अळ्या किंवा २५०० मायक्रोमस सोडावेत, अशी शिफारस निघाली. मित्रकीटक असलेल्या फडातली पाने कापून नव्या फडात टाचण्याचे साधे कामही शेतकऱ्यांनी केले. ईशान्य भारतातून आलेली एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशीही पुढे इकडे स्थिरावली. दोन-तीन वर्षांत माव्याचा जोर ओसरला.

येथे नीट लक्ष द्या. किडीचे मूळ ओळखणारे एका गावी, मित्रकीटक वाढवणारे दुसऱ्या गावी आणि ते फडात सोडणारे हजारो शेतकरी. यातला एक दुवा निखळला असता तर काम झाले नसते.

इटलीहून आलेली पाकोळी

आता बटाट्याकडे येऊ. बटाट्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. त्याची मोठी वैरीण, बटाट्यावरची पाकोळी, तीही तिकडचीच. आपल्या देशात ती १९०६ च्या सुमारास इटलीहून आणलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात उतरली. बेणे पाहून घेतले, दाम मोजला, पण डोळ्यात लपलेले अंडे कोणाला दिसले नाही.

ही पाकोळी शेतात पानांवर आणि उघड्या पडलेल्या कंदाच्या डोळ्याजवळ अंडी घालते. अळी कंद पोखरत आत जाते आणि डोळ्याच्या तोंडाशी काळपट विष्ठा दिसू लागते. काढणीनंतर माल अरणीत, म्हणजे सावलीत पाचोळ्याखाली रचलेल्या ढिगात, साठवला की तिचे खरे राज्य सुरू होते. बाहेर ऊन, आत ऊब, खायला भरपूर. शेतात चार अळ्या असतील तर अरणीत चारशे. भाव वाढेल म्हणून ठेवलेला माल पोखरून, सडून निघतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजात डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाटा लागवडीचा अभ्यास केला तो त्याच जुन्या काळात. म्हणजे हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही.

बाहेरून आलेल्या किडीचे एक वैशिष्ट्य असते. येताना ती आपले शत्रू मागे ठेवून येते. माहेरी तिला आवरणारे दहा जण असतात, इथे तिला मोकळे रान मिळते. म्हणून संशोधक तिच्या मूळ मुलखात जाऊन तिचे शत्रू शोधतात. बटाट्याच्या पाकोळीचा असा एक शत्रू म्हणजे कोपिडोसोमा. डोळ्याला जेमतेम दिसणारी ही गांधीलमाशी पाकोळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. गंमत अशी की ते एक अंडे आत विभागत जाते आणि एकाची तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त पिल्ले होतात. पाकोळीची अळी अंड्यातून निघते, वाढते आणि कोषात जायच्या वेळी तिच्या पोटात या पिल्लांची गर्दी झालेली असते. अळी सुकून कडक होते, तिला ममी म्हणतात. एका ममीतून गांधीलमाश्यांची फौज बाहेर पडते. सव्याज परतफेड म्हणतात ती अशी.

कोपिडोसोमा आणि तिच्यासारखीच केलोनस यांच्यावर राहुरी विद्यापीठाच्या पुणे येथील जैविक कीड नियंत्रण केंद्राने हंगामामागून हंगाम चाचण्या घेतल्या. शेतात सोडून पाहिले, साठवणीत सोडून पाहिले. त्याचबरोबर शिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था आणि पेरू देशात लिमा येथे १९७१ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांनी साठवण, कामगंध सापळे आणि लागवडीच्या पद्धती यांवर काम केले. या सगळ्यातून शेतकऱ्याच्या हाती आले ते असे :

बेणे उथळ लावू नये, चार बोटांहून खोल लावावे. मातीची भर वेळेवर आणि भरपूर द्यावी, म्हणजे कंद उघडा पडणार नाही. पाणी लांबवून जमिनीला भेगा पडू देऊ नयेत, कारण पाकोळी त्या भेगेतूनच कंदापर्यंत पोचते. काढलेला माल रात्रभर वावरात ठेवू नये आणि त्यावर बटाट्याचाच पाला झाकू नये. पाकोळी संध्याकाळनंतरच फिरते आणि पाल्यावरची अळी खालच्या कंदात उतरते. साठवणीत घालण्यापूर्वी किडका कंद निवडून काढावा. ढिगाच्या खाली-वर घाणेरीच्या वाळलेल्या पाल्याचा थर द्यावा. शक्य असेल तेथे शीतगृह उत्तम, कारण थंडीत पाकोळीची वाढ थांबते.

यात महागडे असे काय आहे? जवळजवळ काहीच नाही. पण हे नेमके कशाने होते, कशाने नाही, हे ठरवायला कित्येक माणसांची कित्येक वर्षे गेली आहेत.

पपईवरचा पिठ्या ढेकूण

दुसरा दाखला अलीकडचा. २००८ साली तमिळनाडूत कोइमतूरकडे पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला. हा पाहुणा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. पपईपुरता तो थांबला नाही. तुती, कापूस, पेरू, जास्वंद, एवढेच काय, गाजरगवतावरही तो जगतो. पुढे तो आपल्या महाराष्ट्रात आला. पांढऱ्या पिठाने फळे माखली. अंगावर मेणाचा थर असल्याने औषध लागेना. लोकांनी औषध बदलले, मात्रा वाढवली, खर्च वाढवला. ढेकूण मात्र जागेवर.

या किडीला अमेरिकेच्या कृषी खात्याने कॅरिबियन बेटांत आधीच आवरले होते. तीन जातींच्या बारीक गांधीलमाश्या तिच्यावर जगतात, हे त्यांना ठाऊक होते. २०१० च्या जुलैत बंगळूरच्या संस्थेने त्या प्युर्टो रिकोहून मागवल्या. लगेच सोडल्या का? नाही. आधी बंद खोलीत वाढवून, त्या दुसऱ्या उपयोगी कीटकांना अपाय करीत नाहीत ना, हे तपासले. मग वाढवून वेगवेगळ्या राज्यांतल्या विद्यापीठांना आणि केंद्रांना दिल्या. त्यातली ॲसेरोफॅगस ही जात सर्वांत उपयोगी ठरली. काही महिन्यांत बागा सुधारू लागल्या आणि त्यासाठी शेतकऱ्याला औषधाचा खर्च करावा लागला नाही. उलट, त्याने औषध मारणे थांबवावे एवढीच अट होती. ज्यांना धीर निघाला नाही आणि ज्यांनी फवारा चालूच ठेवला, त्यांच्या बागेत मित्रकीटक टिकणार कसे?

एका देशातले ज्ञान दुसऱ्या देशाला मिळाले म्हणून हे दोन वर्षांत झाले. प्रत्येकाने पहिल्यापासून शोधायचे ठरवले असते तर वीस वर्षे लागली असती.

समन्वित संशोधन म्हणजे काय?

“अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प” हे लांबलचक नाव आपण पाटीवर वाचतो आणि पुढे जातो. त्याचा अर्थ मात्र सहकारी माणसाला चटकन कळावा असा आहे. मक्यावर असा पहिला प्रकल्प १९५७ साली सुरू झाला. बटाट्याचा १९७१ साली, जैविक कीड नियंत्रणाचा १९७७ साली. आपले राहुरीचे विद्यापीठ १९६८ चे. फळे, बटाटा, ऊस, जैविक नियंत्रण अशा अनेक प्रकल्पांची केंद्रे त्याच्याकडे आहेत.

पद्धत अशी. एक प्रश्न घ्यायचा. सगळ्या केंद्रांनी एकच आराखडा ठरवायचा. तीच जात, तीच मात्रा, मोजण्याची तीच रीत. मग राहुरीच्या भारी जमिनीत, दुसऱ्या राज्याच्या वालुकामय जमिनीत, तिसरीकडच्या दमट हवेत तीच चाचणी घ्यायची. दोन-तीन वर्षे घ्यायची. वर्षातून एकदा सर्वांनी बसून आपापले आकडे पुढे ठेवायचे. एके ठिकाणी गुण आला आणि चार ठिकाणी नाही, तर शिफारस होत नाही.

हे का करायचे? कारण एका वावरातला एका हंगामाचा अनुभव फसवा असतो. गेल्या वर्षी अमुक औषध मारले आणि रोग थांबला. पण त्याच आठवड्यात पाऊसही थांबला होता. मग रोग औषधाने थांबला की उघडिपीने? एकट्याला ते कळत नाही. औषध विकणाराही ते सांगत नाही. दहा ठिकाणी, तुलनेचा वाफा ठेवून, सारखे मोजले तरच कळते.

तेल्या : जेथे अजून पूर्ण विजय नाही

आता आपल्या जिव्हाळ्याच्या दुखण्याकडे येऊ. डाळिंबाने आपल्या दुष्काळी भागाला पैसा दाखवला, हे नाकारता येत नाही. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी निवडलेली गणेश, पुढे राहुरीची मृदुला आणि २००३ सालची भगवा या जातींनी माळरानावर बागा उभ्या केल्या. आणि त्याच सुमारास तेलकट डागाने, ज्याला आपण तेल्या म्हणतो, त्याच बागा बसवल्या.

तेल्या हा जिवाणूजन्य रोग. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीकडची. पन्नास वर्षे तो किरकोळ राहिला. २००२-०३ नंतर मात्र सोलापूर, नाशिक, सांगली, नगर या पट्ट्यात तो वणव्यासारखा पसरला. पानावर आधी पाणी शिंपडल्यासारखा तेलकट ठिपका दिसतो. पान उजेडाकडे धरले तर ठिपका पारदर्शक वाटतो. मग तो तपकिरी होतो, भोवती पिवळी कडा येते. फांदीवर पेऱ्याशी काळा डाग पडून फांदी तेथेच मोडते. फळावर डाग येऊन त्याला फाटे फुटलेला तडा जातो आणि बाजारात त्या फळाला कोणी हात लावत नाही.

तो इतका पसरला का? तीन कारणे. पहिले, गुटी कलम. रोगट बागेतली गुटी बांधली गेली, विकली गेली आणि रोगाने टेम्पोत बसून जिल्हा ओलांडला. दुसरे, सलग एकाच जातीच्या बागा. वाऱ्या-पावसाचा थेंब एका झाडावरून दुसऱ्यावर उडतो, तसा रोगही उडतो. तिसरे, बहार. मृग बहारात कोवळी फूट, फूल आणि फळ ऐन पावसात येते. ऊब आणि ओल एकत्र आली की जिवाणूला सुगी. छाटणीची न धुतलेली कात्री हे चौथे कारण म्हटले तरी चालेल.

२००५ साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. राहुरी विद्यापीठ, इतर राज्यांची विद्यापीठे आणि बागायतदार यांनी मिळून पुष्कळ काम केले. तरी येथे आम्ही स्पष्ट सांगतो. पपईच्या ढेकणासारखा एका झटक्यात सुटणारा हा प्रश्न नव्हे. या जिवाणूला खाणारी गांधीलमाशी नाही. भगवा आणि गणेश दोन्ही जाती त्याला बळी पडतात. “तेल्या मुळापासून घालवतो” म्हणून जो कोणी बाटली घेऊन येईल, त्याला दारातूनच नमस्कार करावा.

संशोधनातून आले ते बाटलीचे उत्तर नव्हे, वेळापत्रकाचे आहे. रोगप्रवण भागात मृग बहार टाळून हस्त बहार धरावा, म्हणजे फळ थंड, कोरड्या हवेत वाढते. दोन बहारांच्या मध्ये झाडाला तीन-चार महिने खरी विश्रांती द्यावी. रोगट फांद्या डागाच्या खाली दोन इंच कापाव्यात, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी, कापलेले आणि पडलेले सगळे वेचून जाळावे. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. रोप निरोगी बागेतलेच, खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे.

बोर्डो मिश्रण ही १८८५ साली फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत सापडलेली जुनी गोष्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवावे, लोखंडी भांडे वापरू नये. दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. मग त्यात स्वच्छ खिळा किंवा विळ्याचे पाते मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. एवढी साधी परीक्षा न करता फवारले की कोवळी पाने भाजतात आणि बोल मात्र औषधाला लागतो.

मर रोग हा आणखी निराळा. झाड एका बाजूने पिवळे पडून वाळते. त्यामागे जमिनीतली बुरशी असू शकते, सूत्रकृमी असू शकतात, खोडाला टाचणीएवढी भोके पाडणारा भुंगेरा असू शकतो. कारण न पाहता पानांवर फवारा मारणे म्हणजे आजार हेल्याला आणि औषध पखालीला. मुळीसकट माती आणि खोडाचा तुकडा तपासून घ्यावा, मगच खर्च करावा.

लिंबू आणि पेरू

लिंबावरचा खैऱ्या हाही जिवाणूचाच रोग. नागअळी पानात वेडीवाकडी नागमोडी रेघ ओढते आणि त्या जखमेतून खैऱ्या आत शिरतो. म्हणून नव्या फुटीवरची नागअळी आवरली की खैऱ्याही निम्मा आवरतो. राहुरीने निवडलेली साई शरबती ही लिंबाची जात खैऱ्याला आणि ट्रिस्टेझा या विषाणूला तुलनेने सहनशील आहे. नवी लागवड करणाऱ्यांनी तिची चौकशी करावी.

पेरूची फळमाशी तर सामुदायिक कामाचा सरळ धडाच आहे. मिथिल युजेनॉलच्या सापळ्यात नर माशी येते, मादी येत नाही. मी एकट्याने एकरी चार-पाच सापळे लावले, माझ्याकडचे नर संपले. पण शेजारच्या बागेत मीलन झालेली मादी बांधावरून येऊन माझ्याच पेरूत अंडी घालते. अख्ख्या शिवाराने एका आठवड्यात सापळे लावले तर मात्र मादीला नर मिळणे कठीण होते. त्याच्या जोडीला पडलेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरली पाहिजेत. बांधावर टाकलेले सडके फळ म्हणजे माशीची रोपवाटिकाच.

मग आपण काय करायचे?

विद्यापीठाचे काम विद्यापीठ करील. आपला वाटा काय, ते आता सांगतो.

एक : शिवारगट बांधा. एका ओढ्याच्या किंवा चारीच्या दोन्ही अंगांना ज्यांच्या बागा आहेत अशा आठ-दहा जणांनी दर पंधरवड्याला एकमेकांची बाग फिरून पाहावी. दुसऱ्याच्या डोळ्याला आपल्या बागेतला पहिला ठिपका लवकर दिसतो.

दोन : बहार एकत्र ठरवा. एकाने मृग आणि शेजाऱ्याने हस्त धरला तर रोगाला वर्षभर घर मिळते.

तीन : नोंदवही ठेवा. तारीख, पाऊस, काय फवारले, किती, आणि शंभर फळांत किती डागी. एवढे पाच रकाने पुरेत.

चार : नवे औषध आले तर आधी थोड्यावर तपासा. चाळीस झाडांवर नेहमीची शिफारस आणि चाळीस झाडांवर नवे औषध. दोन्ही एकाआड एक ओळीत, कारण चारीकडची बाजू ओली आणि वरची कोरडी असते. मग मोजा. समजा, नेहमीच्या उपायाने शंभरात ३० फळे डागी आणि नव्याने २८, तर पैसे वाया गेले. ३० विरुद्ध ८ आले आणि गटातल्या तिघांकडे तसेच आले, तर विद्यापीठाला जरूर कळवा. यालाच संशोधन म्हणतात आणि ते बांधावर होऊ शकते.

पाच : रोप, बेणे आणि गुटी गावात आणताना गटाला दाखवा. १९०६ ची पाकोळी आणि २००२ नंतरचा तेल्या दोन्ही विकत आणलेल्या मालातून आले, हे विसरू नका.

सहा : विचारायला लाजू नका. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, राहुरी तर घरचीच. राज्यात २००९-१० पासून पिकांवरच्या किडींच्या पाहणीचा क्रॉपसॅप आणि २०११-१२ पासून फळबागांसाठी हॉर्टसॅप सुरू झाला. पाहणी करणारा बागेत आला तर त्याला खरे सांगा. रोग लपवला की शेजाऱ्यांना वेळेवर इशारा मिळत नाही. कोणते औषध सध्या मान्य आहे, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हेही तेथेच विचारावे. दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर बाग सोपवू नये.

यातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती म्हणाल तर रोग उघड करणे. “माझ्या बागेत तेल्या आला” असे म्हणायला माणूस कचरतो. व्यापारी भाव पाडेल, गुटी कोणी घेणार नाही, गावात बोलबाला होईल. ही भीती खोटी नाही. पण दोन महिने लपवलेला रोग शेजारच्या पाच बागांत जातो आणि मग भाव सगळ्यांचाच पडतो. म्हणून गटाने एक नियम आधीच करावा. जो पहिल्यांदा रोग सांगेल, त्याच्या बागेची छाटणी आणि वेचणी सगळ्यांनी मिळून, सावडीने, करून द्यायची. सांगणाऱ्याला शिक्षा नव्हे, मदत मिळाली तरच लोक सांगतील.

एकट्याचा ऊस एकट्याला गाळता येत नव्हता म्हणून आपल्या बापजाद्यांनी भाग भांडवल गोळा करून कारखाने उभे केले. १९५० साली लोणीला प्रवरेच्या काठी हे घडले, ते याच जिल्ह्यात. तेव्हाही शेजाऱ्यावर विश्वास टाकणे हीच मोठी अडचण होती आणि तीच ओलांडल्यावर धुराडे पेटले. रोगकिडीचे काम त्याहून सोपे आहे. त्याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ती एक वही, एक धुतलेली कात्री आणि पंधरवड्यातून एक सकाळ.

येत्या गटसभेत आपापल्या शिवाराची नावे शेतकी मदतनीसाकडे द्यावीत. हस्त बहाराच्या आधी गट बांधला गेला तर या वर्षीचा हंगाम हाती आहे. पावसात ठिपके दिसल्यावर धावपळ करणे म्हणजे वरातीमागून घोडे.